लॉर्ड्सच्या जर्नलमधला एक दिवस: अठराव्या शतकातलं वरिष्ठ सभागृह दिवसभर नेमकं काय करायचं?

प्रश्न असा आहे: ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सचं अठराव्या शतकातलं छापील जर्नल समोर आहे, शब्द कळतात, पण काय चाललंय ते कळत नाही. त्या सभागृहाचा साधा कामकाजाचा दिवस कसा असायचा, विधेयक पुढे कसं सरकायचं, आणि जर्नलमधल्या नोंदीवर कितपत विसंबायचं?

आधी सगळ्यात मोठा गैरसमज काढतो. जर्नल म्हणजे भाषणांचं इतिवृत्त नव्हे. कोर्टातल्या रोजनाम्यासारखी ती नोंद आहे: काय दाखल झालं, काय वाचलं, काय आदेश झाला, पुढची तारीख कोणती. चर्चेत कोण काय बोललं याचा एक शब्द त्यात मिळत नाही. कायद्यामागचा हेतू शोधायला जर्नल उघडणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही. पण काम प्रत्यक्षात कसं झालं हे बघायचं असेल, तर त्या काळातल्या भाषणांच्या संग्रहांपेक्षा जर्नल कितीतरी भरवशाचं आहे. भाषणं छापणं हा विशेषाधिकारभंग मानला जायचा. १७७० च्या दशकात ही पकड सैल झाली, त्याआधीची ‘भाषणं’ बरीचशी ऐकीव टिपणांवरून रचलेली आहेत. मोठी नाट्यमय वाक्यं उद्धृत करण्याचा मोह तिथेच आवरावा.

आता पान वरून खाली वाचू. डोक्यावर लॅटिनमध्ये वार आणि तारीख असते. शनिवार सोडला तर वार ग्रहांच्या नावांनी आहेत: लुने म्हणजे सोमवार, मार्तिस मंगळवार, मर्कुरी बुधवार, जोविस गुरुवार, वेनेरिस शुक्रवार, साबाती म्हणजे शनिवार. वार कळला तरी वर्ष फसवतं. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये अधिकृत वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले चोवीस दिवस जुन्या वर्षाच्या आकड्याखाली छापलेले असतात. ही पद्धत बदलणारं कॅलेंडरचं विधेयक लॉर्ड चेस्टरफील्डने लॉर्ड्समध्येच मांडलं, आणि त्याच्याच तारखा लोकांना चकवतात. विधेयक आलं २५ फेब्रुवारीला, जुन्या मोजणीने वर्ष १७५०. राजसंमती मिळाली २२ मे १७५१ ला. आकडे तसेच घेतले तर सव्वा वर्ष रखडलेलं विधेयक वाटतं. प्रत्यक्षात ते तीन महिन्यांच्या आत पार पडलं. याच कायद्याने १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला, तेव्हा त्या महिन्यातले दिवस मोजतानाही सांभाळायचं.

तारखेखाली हजर सदस्यांची यादी. आधी बिशप, मग पदाच्या उतरंडीने ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन. बिशप आणि आर्चबिशप मिळून २६, स्कॉटलंडचे १७०७ पासून निवडून आलेले १६ प्रतिनिधी-पीअर (पीअर म्हणजे सरदार), बाकी वंशपरंपरेचे. साध्या दिवशी यातले बहुसंख्य फिरकत नसत, आणि गणपूर्तीला तिघे पुरत. यादीवरून एवढंच सिद्ध होतं की तो सदस्य दिवसात केव्हातरी आत आला आणि कारकुनाच्या नजरेस पडला. मतदानाच्या वेळी तो होता का, हे त्यावरून ठरत नाही. ‘अमुक लॉर्ड त्या दिवशी हजर होता, म्हणजे त्याने विरोधात मत दिलं असणार’ अशी विधानं छापील पुस्तकांतही सापडतात. ती निव्वळ अंदाज आहेत.

बसण्याची जागा डोळ्यासमोर असली की नोंदी लवकर उलगडतात. वेस्टमिन्स्टरच्या जुन्या राजवाड्यातलं लांबट दालन, भिंतींवर स्पॅनिश आरमाराच्या लढाईचे विणलेले पडदे. एका टोकाला सिंहासन, त्याच्यापुढे लोकर भरलेली लाल गादी, म्हणजे वुलसॅक, त्यावर सभागृहाचा अध्यक्ष, लॉर्ड चॅन्सेलर. मधल्या गाद्यांवर न्यायाधीश. त्यांना सल्ल्यासाठी बोलावलं जायचं, मत नसायचं. मग कारकुनांचं टेबल, आणि दुसऱ्या टोकाला बार, म्हणजे कठडा. वकील, साक्षीदार, कॉमन्स या खालच्या सभागृहाचे सभासद, सगळे त्या कठड्यापर्यंतच.

वुलसॅकवरचा माणूस आपल्या विधान परिषदेच्या सभापतीसारखा समजू नका. त्याला कुणाला शांत बसवण्याचा अधिकार नव्हता, निर्णायक मत नव्हतं, आणि सदस्य त्याला उद्देशून बोलतही नसत. ‘माय लॉर्ड्स’ म्हणून सगळ्या सभागृहाला उद्देशून बोलत. दोघे एकदम उठले तर आधी कोण बोलणार हे सभागृहच ठरवी. चॅन्सेलरला स्वतःला चर्चेत भाग घ्यायचा असला की तो वुलसॅक सोडून आपल्या जागी जाई, कारण वुलसॅक तांत्रिकदृष्ट्या सभागृहाच्या बाहेर धरला जायचा.

वेळेचं गणित. दर दिवसाच्या शेवटी लॅटिनमध्ये एक ठरीव ओळ येते: चॅन्सेलरने सभागृह अमुक वारी, सकाळी अकरा वाजेपर्यंत पुढे चालू ठेवल्याचं जाहीर केलं, लॉर्ड्सच्या संमतीने. हे अकरा कागदावरचे. शतक पुढे सरकलं तशी प्रत्यक्ष बैठक दुपारी भरू लागली, पण ओळ तीच राहिली. खरी सकाळ समित्यांची असायची, त्यांना दहाची वेळ दिलेली असे. बैठकीला सुरुवात प्रार्थनेने, ती हजर असलेल्यांतला सर्वांत कनिष्ठ बिशप म्हणे. पुढचा क्रम लवचिक होता. अर्ज, विधेयकांची वाचनं, समित्यांचे अहवाल, अपिलांची सुनावणी. आणि मधेच केव्हाही दारावर कॉमन्सचा निरोप.

आता मूळ कामाकडे. मोठ्या राजकीय वादांमुळे लॉर्ड्स प्रसिद्ध झालं खरं, पण पानंच्या पानं भरली आहेत ती खासगी विधेयकांनी. एखाद्या घराण्याची करारात अडकलेली जमीन विकायची परवानगी, नाव बदलणं, परदेशी माणसाला नागरिकत्व, घटस्फोट, गावाची सामाईक जमीन वाटून कुंपण घालणं. जमीनवाटपाचे असे कायदे शतकाच्या मध्यापासून पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत चार हजारांच्या घरात गेले. जमीनवाटप आणि टोलरस्त्यांची विधेयकं सहसा कॉमन्सकडून यायची. घराण्यांच्या मिळकतीची, घटस्फोटाची आणि नागरिकत्वाची लॉर्ड्समध्ये सुरू व्हायची.

मिळकतीच्या विधेयकाचा प्रवास असा. पहिला कागद विधेयक नव्हे, अर्ज. तो वाचला की दोन न्यायाधीशांकडे जातो. १७०६ पासून हा नियम पक्का झाला. न्यायाधीश संबंधितांना बोलावतात, कागदपत्रं तपासतात, अहवाल देतात आणि विधेयकाच्या मसुद्यावर सही करतात. मग पहिलं वाचन. जर्नलमध्ये लॅटिन ठसा दिसतो: ‘होदिए प्रिमा विचे लेक्ता एस्त बिल्ला’, आज पहिल्यांदा विधेयक वाचलं. दुसऱ्या वाचनाला त्यातला आकडा बदलतो, तिसऱ्याला पुन्हा. एकाच विधेयकाचा माग काढायचा तर हे आकडे आणि विधेयकाचं नाव यांवर बोट ठेवून पुढे जायचं.

दुसऱ्या वाचनानंतर समिती. आदेशात पंधरा-वीस नावांची जंत्री येते आणि मग ठरीव वाक्य: या लॉर्ड्सनी, किंवा त्यांपैकी कोणत्याही पाच जणांनी, सकाळी दहा वाजता सभागृहाजवळच्या प्रिन्सेस लॉजिंग्जमध्ये भेटावं आणि हवं तसं तहकूब व्हावं. नावं कितीही असोत, काम पाच जणांत उरके. नावांच्या लांबीवरून विषयाचं महत्त्व मोजू नका.

समितीत खरी कसोटी संमतीची. अहवालातलं वाक्य नीट वाचा: विधेयकातली विधानं तपासली, ती खरी आढळली, संबंधित पक्षांनी समितीचं समाधान होईल अशी संमती दिली, समितीने विधेयक पूर्ण पाहिलं आणि दुरुस्तीविना (किंवा काही दुरुस्त्यांसह) सादर करायला सांगितलं. यातला एखादा तुकडा गळलेला दिसला तर थांबा, तिथेच भानगड असते. विधेयकं अडायची ती बहुधा तत्त्वावर नव्हे, संमतीवर: वारस अज्ञान, एखादा भाऊ परदेशात, विश्वस्त सही करायला तयार नाही. अशा वेळी संमती न देणाऱ्याचं नाव, त्याचा हिस्सा आणि त्याचा विरोध आहे की तो नुसता गप्प आहे, हे अहवालात सांगितलं जायचं. तपशील छापील जर्नलमध्ये कमी, समित्यांच्या हस्तलिखित वह्यांत जास्त.

नागरिकत्वाच्या विधेयकाला वेगळी अट होती. १६०९ च्या कायद्याप्रमाणे अर्जदाराने आधीच्या महिन्याभरात चर्चमध्ये प्रभुभोजनाचा संस्कार घेतलेला असायला हवा आणि विधेयकाच्या दुसऱ्या वाचनाआधी संसदेत शपथ घ्यायला हवी. संगीतकार हँडेल हे याचं चांगलं उदाहरण. १७२७ च्या फेब्रुवारीत (जर्नलमध्ये अर्थात १७२६) त्याचा अर्ज आला तो स्वतंत्र विधेयकासाठी नव्हता. लुई सेशेहे नावाच्या दुसऱ्याच माणसाच्या प्रलंबित विधेयकात आपलंही नाव घालावं, अशी त्यात विनंती होती. १३ फेब्रुवारीला अर्ज, २० फेब्रुवारीला राजसंमती. एक आठवडा. असं नाव घुसवण्यात खर्च वाचायचा, कारण दर विधेयकाला कारकुनांपासून ब्लॅक रॉडपर्यंत (सभागृहाची व्यवस्था पाहणारा अधिकारी) सगळ्यांची फी ठरलेली होती. शोधणाऱ्याला मात्र यातून त्रास: माणूस सूचीत स्वतःच्या नावाखाली न सापडता पहिल्या अर्जदाराच्या नावाखाली दडलेला असतो.

घटस्फोटासाठी अर्जदाराला तीन उंबरठे चढावे लागत. धर्मन्यायालयाकडून विभक्त राहण्याचा निवाडा, सर्वसाधारण न्यायालयात पत्नीच्या प्रियकरावर नुकसानभरपाईचा दावा, आणि शेवटी लॉर्ड्समध्ये विधेयक. १७९८ च्या स्थायी आदेशानंतर धर्मन्यायालयाचे कागद विधेयकासोबत जोडणं सक्तीचं झालं. दुसऱ्या वाचनाला साक्षीदार कठड्यापाशी उभे करून उलटतपासणी व्हायची आणि पत्नीला नोटीस प्रत्यक्ष मिळाल्याचं शपथेवर सिद्ध करावं लागे. हा मार्ग पैसेवाल्या पुरुषांचाच होता. अर्जदार स्त्रीला असा कायदा पहिल्यांदा मिळाला तो १८०१ मध्ये. १८५७ मध्ये इंग्लंडमध्ये ही पद्धत बंद होईपर्यंत अशा स्त्रिया फक्त चार.

सार्वजनिक विधेयकांचा रस्ता थोडा निराळा. ती लहान समितीकडे न जाता बहुधा संपूर्ण सभागृहाच्या समितीत जात. जर्नलमध्ये लिहिलेलं असतं, ‘सभागृह मर्जीनुसार तहकूब झालं आणि समितीत रूपांतरित झालं’. माणसं तीच, जागा तीच. चॅन्सेलर वुलसॅकवरून उतरतो, दुसराच लॉर्ड अध्यक्ष होतो, आणि एकाला एकाच विषयावर अनेकदा बोलता येतं. ‘सभागृह पुन्हा सुरू झालं’ ही ओळ आली की समिती संपली. दोन ओळींच्या मध्ये एका शब्दाची नोंद नसते, आणि कलमांची खरी झटापट नेमकी तिथेच झालेली असते.

दुरुस्त्यांच्या नोंदी बघून बहुतेक जण हात टेकतात. ‘प्रेस ५, ओळ १२, अमुक शब्द गाळा, तमुक घाला’ असं लिहिलेलं असतं. अहवाल मंजूर झाला की लॉर्ड्समध्ये सुरू झालेलं विधेयक चर्मपत्रावर ठळक अक्षरात उतरवलं जायचं. कॉमन्सकडून येणारं विधेयक तसं उतरवूनच यायचं. चर्मपत्राचे तुकडे टोकाला टोक शिवून गुंडाळी होई, त्यातला प्रत्येक तुकडा म्हणजे ‘प्रेस’. हा हिशेब त्या विशिष्ट गुंडाळीचा आहे. छापील कायद्याच्या पानाशी किंवा ओळीशी त्याचा काही संबंध नाही. मूळ गुंडाळी किंवा तिची प्रतिमा पाहिल्याशिवाय दुरुस्ती कुठे बसली हे सांगता येत नाही. नवं कलम घालायचं असेल तर ते वेगळ्या तुकड्यावर लिहून ‘अ’, ‘ब’ अशी खूण करून जोडत. गुंडाळ्या किती लांब होत? १८२१ चा जमीनकर आयुक्तांचा कायदा ३४८ मीटर भरतो, आणि त्यात मुख्यतः नावंच आहेत. चर्मपत्रावर विधेयक उतरवण्याची ही पायरी १८४९ मध्ये बंद झाली.

तिसऱ्या वाचनाला प्रश्न ठेवला जातो, ‘हे विधेयक मंजूर व्हावं का?’ आणि मग ते कॉमन्सकडे रवाना होतं. राज्यसभेत आज महासचिव लोकसभेचा संदेश वाचून दाखवतात, तेवढं सुटसुटीत हे नव्हतं. लॉर्ड्स आपला निरोप चॅन्सरी न्यायालयाच्या दोन ‘मास्टर’ अधिकाऱ्यांहाती पाठवत, आणि राजघराण्यासंबंधी काही असलं तर न्यायाधीशांहाती. कॉमन्सकडून येताना मात्र सभासद स्वतः येत, किमान आठ जण. जर्नल फक्त ‘अमुक आणि इतर’ एवढंच लिहितं. चॅन्सेलर राजमुद्रेची थैली हातात घेऊन कठड्यापर्यंत जाई, सभासद तीन वेळा वाकत, विधेयक हातात पडे. विधेयकाच्या कडेला जुन्या नॉर्मन फ्रेंचमध्ये शेरा असे: कॉमन्सचा ‘लॉर्ड्सकडे द्यावं’, लॉर्ड्सचा ‘या विधेयकाला लॉर्ड्स संमत आहेत’. हे शेरे कोणत्या क्रमाने पडले ते पाहिलं की विधेयक कुठे सुरू झालं हे जर्नल न उघडताही कळतं.

दोन सभागृहांचं जुळलं नाही तर परिषद भरायची, बहुधा शेजारच्या पेंटेड चेंबरमध्ये. तिथे लॉर्ड्स टोपी घालून बसायचे, कॉमन्सवाले बोडक्या डोक्याने उभे. साध्या परिषदेत वाद व्हायचाच नाही. एक बाजू लेखी कारणं वाचून द्यायची आणि परत फिरायची.

पैशांच्या विधेयकांबाबत मर्यादा होती. १६७१ आणि १६७८ च्या ठरावांनी कॉमन्सने जाहीर केलं होतं की करांत लॉर्ड्सनी बदल करू नये. लॉर्ड्सनी हे तत्त्व म्हणून मान्य केलं नाही, पण व्यवहारात विधेयक आहे तसं घ्यायचं किंवा सगळंच फेटाळायचं एवढंच उरलं. अडचण व्हायची ती किरकोळ दंडाच्या आकड्यांवरून. लॉर्ड्सनी रस्त्याच्या विधेयकात दंडाची रक्कम बदलली तरी कॉमन्स ते ‘पैशात हात घालणं’ समजे, विधेयक बाजूला ठेवी आणि तीच दुरुस्ती आत घालून नवं विधेयक आणी. म्हणून एकाच सत्रात जवळजवळ एकाच नावाची दोन विधेयकं दिसली तर ती छापखान्याची चूक समजू नका.

राजसंमतीचा दिवस ओळखणं सोपं. ब्लॅक रॉड कॉमन्सला बोलवायला जातो, ते कठड्यापाशी येतात. राजा स्वतः नसला तर झगे घातलेले आयुक्त लॉर्ड्स सिंहासन आणि वुलसॅक यांच्यामध्ये बाकावर बसतात. एक कारकून विधेयकाचं नाव वाचतो, दुसरा नॉर्मन फ्रेंचमध्ये उत्तर देतो: सार्वजनिक विधेयकाला ‘राजाची इच्छा आहे’, खासगीला ‘विनंती केली तसं होवो’, पैशाच्या विधेयकाला प्रजेच्या दानाबद्दल आभार मानून होकार. ‘राजा विचार करील’ म्हणजे नकार, आणि तो शेवटचा वापरला गेला १७०८ मध्ये, स्कॉटलंडच्या मिलिशिया विधेयकावर, राणी अ‍ॅनच्या वेळी. पैशाचं विधेयक मंजुरीनंतर लॉर्ड्सकडे राहत नसे, कॉमन्सकडे परत जाई. त्या दिवशी कॉमन्सचा स्पीकर ते स्वतःच्या हातात घेऊन येई.

इथला एक मुद्दा वकिलांनाही चकवतो. कायद्यात अंमलाची तारीख दिलेली नसेल तर १७९३ पूर्वी तो राजसंमतीच्या दिवसापासून लागू होत नसे. तो त्या सत्राच्या पहिल्या दिवसापासून लागू झाला असं धरलं जायचं, म्हणजे नोव्हेंबरात सत्र सुरू झालं आणि मे महिन्यात कायदा झाला तरी अंमल नोव्हेंबरपासून! १७९३ च्या कायद्याने ही मागे जाणारी तारीख संपवली आणि राजसंमतीची तारीख प्रत्येक कायद्यावर लिहिणं कारकुनाचं काम ठरलं.

सत्र संपणं हीच विधेयकांची खरी धास्ती. सत्रसमाप्ती झाली की जे पूर्ण झालं नाही ते गेलं. पुढच्या सत्रात पुन्हा पहिल्या वाचनापासून. म्हणून मे-जूनमधली पानं गच्च भरलेली असतात. एका दिवशी दोन वाचनं करू नयेत हा स्थायी आदेश तेव्हा सर्रास शिथिल केला जायचा. १७५३ चा विवाह कायदा लॉर्ड्समध्ये चॅन्सेलर हार्डविकच्या पुढाकाराने सुरू झाला, कॉमन्सने त्यात भरपूर फेरफार केले, आणि सत्र संपायच्या तोंडावर परत आल्यामुळे लॉर्ड्सना ते जसेच्या तसे स्वीकारावे लागले. त्या संमतीमागे कॉमन्सचं म्हणणं पटण्यापेक्षा वेळ संपत आल्याचं कारण मोठं होतं.

मतदानाकडे येऊ. सदस्य ‘कन्टेन्ट’ किंवा ‘नॉट कन्टेन्ट’ म्हणत. आवाजावरून ठरलं नाही तर विभागणी: एक बाजू कठड्याच्या पलीकडे जाई, दुसरी आत राही, दोन मोजणारे मोजत. मतं समसमान पडली तर प्रस्ताव पडला, कारण बाजू नकाराची धरायची. छापील जर्नल बहुधा निकाल सांगतं, आकडे सांगत नाही. ते कारकुनाच्या हस्तलिखित टिपणांत असतात. कोणी कसं मत दिलं याची अधिकृत यादी १८५७ पासूनच.

आकड्यांत प्रॉक्सीही मिसळलेल्या असतात. गैरहजर लॉर्ड आपलं मत दुसऱ्या लॉर्डच्या हवाली करू शके, बिशप फक्त बिशपकडे. १६२६ मध्ये बकिंगहॅमच्या ड्यूकच्या खिशात डझनभराहून जास्त प्रॉक्सी जमल्यावर एकाने दोनच घ्याव्यात असं ठरलं. समितीत प्रॉक्सी चालत नसे, आणि देणारा स्वतः येऊन बसला की ती रद्द होई. म्हणून समितीत एक निकाल आणि तिसऱ्या वाचनाला उलटा, असंही घडू शके. १८६८ पर्यंत ही पद्धत चालली. भारताशी थेट संबंध असलेलं मतदान म्हणजे १७ डिसेंबर १७८३ चं: मंत्री फॉक्सचं, ईस्ट इंडिया कंपनीवर नियंत्रण आणणारं विधेयक कॉमन्सने मंजूर केलं, आणि लॉर्ड्सने ९५ विरुद्ध ७६ असं पाडलं, दोन्ही बाजूंच्या प्रॉक्सी धरून. बाजूने मत देणाऱ्याला आपण शत्रू समजू, हा तिसऱ्या जॉर्जचा निरोप लॉर्ड टेंपलमार्फत आधीच फिरला होता. जर्नलमध्ये याचा मागमूस नाही. त्या दिवशीची नोंद इतर कुठल्याही दिवसासारखी कोरडी आहे.

विरोधकांचा आवाज जर्नलमध्ये मिळतो तो एकाच ठिकाणी, निषेधात. हरलेल्या बाजूच्या लॉर्डला कारणांसह असहमती नोंदवण्याचा हक्क होता; १७२२ पासून मुदत पुढच्या बैठकीच्या दिवशी दुपारी दोनपर्यंत. सभागृह हा निषेध खोडूनही टाकू शके, आणि कधी कधी टाकायचं. युक्तिवाद मिळण्याची अधिकृत जागा एवढीच, पण लिहिणारा पराभूत आहे आणि वाचणारा बाहेरचा जनसमूह आहे हे जाणूनच ते लिहिलेलं असतं, तेव्हा ते तटस्थ समजू नये.

अपिलांना भरपूर वेळ जायचा. लॉर्ड्स हे शेवटचं न्यायालय होतं. अर्जावर दोन वकिलांच्या सह्या, खर्चाची हमी, प्रतिवादीचं उत्तर, दोन्ही बाजूंचं छापील म्हणणं, मग कठड्यापाशी प्रत्येक बाजूचे दोन वकील. ‘सुनावणी पुढच्या मंगळवारपर्यंत पुढे ढकलली’ हे वाक्य इतक्या वेळा येतं की खरी सुनावणी कोणत्या दिवशी झाली हे काळजीने शोधावं लागतं. प्रश्न नेहमी ‘निवाडा फिरवावा का?’ असा ठेवला जायचा, त्यामुळे समसमान मतांत खालचा निवाडा कायम राही. पुस्तकांच्या कायमस्वरूपी हक्काचा डोनल्डसन विरुद्ध बेकेट हा खटला १७७४ चा. त्यात न्यायाधीशांना प्रश्न विचारले गेले, पण निर्णय लॉर्ड्सच्या मताने झाला. कायद्याचं शिक्षण नसलेले पीअरही तेव्हा मत देऊ शकत. १८४४ मध्ये आयरिश नेता ओकॉनेल याच्या अपिलानंतर ते थांबलं. सत्र संपल्यावर विधेयकं मरत तशी अपिलं मरत नसत.

महाभियोगाच्या काळात (आरोप कॉमन्सने ठेवायचे, न्याय लॉर्ड्सने करायचा) तर दिवसाचं वेळापत्रकच मोडायचं. वॉरन हेस्टिंग्जचा खटला फेब्रुवारी १७८८ ते एप्रिल १७९५ चालला. लॉर्ड्स आधी आपल्या दालनात भरत, तिथून वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये ‘तहकूब’ होत. पुराव्याबाबत हरकत आली की सगळे उठून दालनात परत, न्यायाधीशांचं मत, मग पुन्हा हॉल. सात वर्षं लागण्यामागे वक्त्यांच्या लांबीइतकाच या येरझाऱ्यांचाही वाटा होता. १७९१ मध्ये, संसद विसर्जित झाल्यावर महाभियोग उरतो का, यावरच वेळ गेला. उरतो असं ठरलं. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांसाठी सावधगिरीची सूचना: हेस्टिंग्जवर आरोप आणणारा कॉमन्सचा सभासद बर्क याने १७८६ मध्ये कॉमन्ससमोर ठेवलेल्या २२ आरोपांपैकी विसावा ‘मराठ्यांशी युद्ध आणि तह’ असा होता. सालबाईच्या तहावर लॉर्ड्समध्ये साक्षीपुरावे झाले असतील या आशेने बरेच जण खटल्याचे खंड चाळतात. तिथे काही नाही. खटला प्रत्यक्षात चालला तो बनारस, अवधच्या बेगमा, नजराणे आणि कंत्राटं एवढ्यावरच, आणि शेवटी मत द्यायला उरले होते २९ पीअर.

कागद कुठे टिकले हेही महत्त्वाचं. १६२१ पासून लॉर्ड्सचे दस्तऐवज शेजारच्या ज्युएल टॉवरमध्ये हलवले गेले होते. १६ ऑक्टोबर १८३४ च्या आगीत राजवाडा जळाला, कॉमन्सचे बहुतेक मूळ कागद गेले, कायद्यांच्या गुंडाळ्या वाचल्या. त्यामुळे एखाद्या विधेयकाचा माग काढायचा असेल तर पहिल्या वाचनापासून सुरुवात करू नका. आधी मूळ कायद्याची गुंडाळी पाहा, कडेचे शेरे आणि जोडलेले तुकडे टिपून घ्या. मग राजसंमतीच्या दिवसापासून जर्नल उलटं वाचत या: तिसरं वाचन, अहवाल, समिती, दुसरं वाचन. जिथे अहवाल आणि तिसऱ्या वाचनात नेहमीपेक्षा जास्त दिवस गेलेले दिसतील, त्या तारखांची समितीची वही आणि हस्तलिखित टिपणं मागवा.